काकांच्या आवाजाला लागलेलं कुलूप

"कुणी हात लावला होता?"

गिऱ्हाइकाच्या घरात पाऊल टाकलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो. काय बिघडलंय ते नंतर. आणि उत्तरही ठरलेलं असतं, "छे हो, कुणीच नाही." कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत मी उभी हयात कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरले, पण "मी लावला" म्हणणारा एक माणूस भेटला असेल तर शपथ. सगळे कॉम्प्युटर आपोआपच बिघडतात म्हणे! म्हणून मी संशयी झाले. आमचे हे म्हणतात, तू मुळातच तशी, धंद्याचं नुसतं निमित्त. असेल बाई. मेथीची जुडी सोडून आत बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही, हे खरं आहे.

माझं बरंचसं काम लिनक्सवरचं. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटर चालवणारी ही एक फुकट मिळणारी व्यवस्था आहे. म्हाताऱ्या मशीनवरही ती बरी चालते, म्हणून मावळातल्या शाळांत, छोट्या हॉटेलांत, पेन्शनरांच्या घरी मी ती बसवत आले. तिचा स्वभाव माझ्यासारखा आहे. कुणावर पटकन विश्वास टाकत नाही. नवा प्रोग्रॅम बसवायला जा, ती आधी तुम्हाला खालून वर न्याहाळते आणि पडद्यावर लिहिते, 'पर्मिशन डिनाइड'. परवानगी नाही. माझ्या निम्म्या फेऱ्या या दोन शब्दांपायी झाल्या.

हे प्रकरण समजायला लोणावळ्याचे बंगले आठवावेत. बंगले पुण्यामुंबईच्या लोकांचे. मालक शनिवारी येतात, फाटकाशी हॉर्न वाजवतात, आणि किल्ल्या सांभाळणारी बाई नाहीतर माळी येईपर्यंत गाडीत बसून राहतात. किल्ल्या जिच्या हातात ती सोफ्यावर बसत नाही, आणि सोफा ज्याचा त्याला दार उघडता येत नाही. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला असाच एक मालक असतो, मालकाचा गोतावळा असतो, आणि उरलेले सगळे परके. कुणी नुसतं वाचायचं, कुणी लिहायचं, कुणी चालवायचं, हे ठरलेलं असतं. या सगळ्यांच्या वर एक बडा मालक, त्याला रूट म्हणतात. तुम्ही रोज साध्या नावाने बसता. मोठं काम असलं की पासवर्ड द्यायचा आणि तेवढ्यापुरतं बड्या मालकाचं नाव घ्यायचं. पण त्याच्या नावावर केलेली वस्तू नंतर साध्या नावाने उचलता येत नाही. मशीन तुमच्या पैशाने आलेलं का असेना.

आता यावर एक पळवाट आहे आणि ती शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तीन सातांची. सात-सात-सात अशी आज्ञा दिली की मालकाला सगळं मोकळं, गोतावळ्याला मोकळं आणि आल्यागेल्यालाही मोकळं. अडलेला प्रोग्रॅम तत्काळ चालतो आणि दुरुस्त करणारा शाबासकी घेऊन घरी जातो. कान्ह्याजवळच्या एका शाळेत सरांनी कुठल्याशा व्हिडिओत बघून हा मंत्र सगळ्या मशीनवर मारला होता. पुढच्या चाचणीत अख्ख्या वर्गाला पैकीच्या पैकी. सर पेढे वाटायच्या बेतात होते. मला मात्र तेव्हाच वास आला, कारण प्रश्नपत्रिका त्याच मशीनवर टाइप झाली होती.

पवनानगरला तळ्याकाठी तंबू भाड्याने देणारे एक भाऊ होते. त्यांच्या मशीनवर बुकिंगचा प्रोग्रॅम बसेना. मी बसले आणि पासवर्ड टाकायला लागले. लिनक्समध्ये पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीही उमटत नाही. साधा ठिपकासुद्धा नाही. भाऊंचे डोळे बारीक झाले.

"ताई, तुमी नुसती बोटं नाचवताय. उमटत तर काय न्हाई!"

"पासवर्ड उमटत नसतो, भाऊ."

"मंग टाकला कशावरनं?"

"बरं, मग तुम्हीच टाका."

त्यांनी मला भिंतीकडे तोंड करायला लावलं, खांद्यावरचा टॉवेल कीबोर्डावर पसरला आणि आतून एकेक बोट चालवायला लागले. चुकलं. परत टाकलं, परत चुकलं. शेवटी भाऊ वैतागून ओरडले, "आरं तिच्या मारी, 'तंबू' एवडंच तर हाय!" मी ऐकलं, बाहेर चहा पिणाऱ्या पाहुण्यांनी ऐकलं, तळ्यातल्या माशांनीही ऐकलं असेल. तो पासवर्ड तिथल्या तिथे बदलून घेतला.

असल्या गमती सांगायला बऱ्या वाटतात. लोणावळ्यातल्या तुंगार्लीचं प्रकरण आठवलं की मात्र अजून जीव थोडा होतो.

तलावाकडे जाणाऱ्या आळीत काकांचा बंगला. काका एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगी वृंदा पुण्यात. घशाच्या ऑपरेशनात काकांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. त्यानंतर त्यांचा आवाज म्हणजे त्यांचा लॅपटॉप. काका टाइप करायचे आणि लॅपटॉप मराठीत बोलायचा. मोबाइलची बारीक अक्षरं त्यांच्या थरथरत्या बोटांना जमत नव्हती. रोजची वाक्यं त्यांनी साठवून ठेवली होती, एक बटण दाबलं की मशीन बोले. हा सगळा थाट मीच बसवून दिला होता.

एका रविवारी सकाळीच वृंदाचा फोन आला. "ताई, बाबांचं मशीन बोलत नाहीये. परत बसवायला गेलं तरी परवानगी नाही म्हणतंय. बाबांना खात्री आहे, चांगुणानेच काहीतरी केलंय. मी निघालेय. घरकामाला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीशी बोलले आहे, उद्यापासून त्यांचा माणूस येईल."

चांगुणामावशी म्हणजे बंगला सांभाळणारी बाई. पवनेच्या पलीकडच्या गावची. काकांच्या बायकोच्या वेळेपासून मागच्या खोलीत राहायची. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, त्यातली कुठली कुठल्या दाराची हे काकांनाही सांगता येत नसे.

फाटक तिनेच उघडलं. डोळे सुजलेले होते.

"मावशी, मशीनला कुणी हात लावला होता?"

"कुनी न्हाई बाई. म्या तर त्या टेबलाकडं बगत बी न्हाई."

मी आत गेले. टेबलावर धुळीचा कण नव्हता. बघत पण नाही म्हणते आणि टेबल तर आरशासारखं लख्ख! माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

काका खुर्चीत ताठ बसले होते. पुढ्यात कोऱ्या कागदांचा गठ्ठा. त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "हिने मला मुकं केलं." खाली दोन रेघा मारल्या. मग दुसरा कागद घेतला. "मंगळवारी सफाई केली. त्यानंतर बंद. आधी चालू होतं."

"पण तिला यातलं काय कळतं, काका?"

"कुणीतरी शिकवलं. जमिनीचा एजंट येतो. मी बोललो नाही तर सही करून घेणं सोपं."

हसण्यासारखं काही नव्हतं. या पट्ट्यात एकट्या म्हाताऱ्यांचे बंगले कसे हात बदलतात हे मी पाहिलेलं आहे. चांगुणामावशी पडद्याआड उभी होती, पदराचं टोक पिळत. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"मावशी, टेबल तू पुसतेस. खोटं का बोललीस?"

ती मटकन खाली बसली. "पुसाय म्हून पिन काढली हुती बाई. परत लावायची इसरले. मागनं बगितलं तर मशीन झोपल्यालं. लगेच पिन लावली. पर ते काय बोलंना."

"मग तसं सांगायचं की!"

"सांगितलं असतं तर फुडचं कुनी ऐकलं असतं का? पिन काडली म्हनल्यावर समदं माज्याच गळ्यात." तिने डोळे पुसले. "कामाचं काय, गेलं तर गेलं. पर चोरटी म्हून गेले तर ह्या आळीत कुनी भांडी तरी घासाय देल का? भावाच्या दारात किती दिस बसू? वृंदाताईंनी त्या मोबाइलच्या ग्रुपवर घातलंय म्हनं, हिच्यापासनं सावध ऱ्हावा. कालपासनं शेजारचा माळी बी माज्यासंग बोलंना."

म्हणजे प्रश्न नुसत्या लॅपटॉपचा राहिला नव्हता. बंगल्याची कामं अर्जावर मिळत नाहीत. या फाटकावरून त्या फाटकावर नाव जातं, त्यावर मिळतात. नाव गेलं की सगळंच गेलं.

तोवर वृंदा येऊन पोचली. तिने पर्स ठेवायच्या आधीच विचारलं, "ताई, किती वेळ लागेल? तिचा हिशेब करून तिला दुपारपर्यंत मोकळं करायचंय." एवढी घाई? मला आता हिचाही संशय यायला लागला. म्हटलं ना, स्वभावाला औषध नाही.

मी काकांच्या शेजारी बसले. मशीन परवानगी नाही म्हणत होतं. तीन सातांची आज्ञा दिली असती तर चहा गाळून होईपर्यंत काकांचा आवाज सुरू झाला असता. सगळ्यांनी माझे आभार मानले असते. आणि दुपारी चांगुणामावशी बोचकं घेऊन बाहेर पडली असती, कारण कुलूप कुणी लावलं हे पुन्हा कधी कळलंच नसतं. तीन सात मारले की आधीच्या परवानग्या पुसल्या जातात आणि मग कुणी मागे वळून बघत नाही. म्हणून मी आज्ञा दिली ती वेगळी. आधी मला दाखव, ही वस्तू कुणाच्या नावावर आहे?

काकांनी आवाजाचा सगळा संसार एका फोल्डरात ठेवला होता. बोलणारा प्रोग्रॅम, त्याची मांडणी, साठवलेली वाक्यं आणि त्यांचं खाजगी लिखाणही. तो अख्खा फोल्डर बड्या मालकाच्या नावावर गेला होता आणि बाकी सगळ्यांना दार बंद होतं. साध्या नावाने बसणाऱ्या काकांनाही.

मी खुर्ची मागे सरकवली. "काका, पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

काकांचा चेहरा फुलला. या प्रश्नाची वाटच पाहत असल्यासारखं त्यांनी भराभर लिहिलं, "कुणालाही नाही. कुठेही लिहिलेला नाही. मुलीलासुद्धा सांगितलेला नाही."

"खरंच नाही सांगत," वृंदा म्हणाली. "मी कितीदा विचारलं. उद्या काही झालं तर? पण नाही म्हणजे नाही."

"नक्की काका? कुणी टाकताना बघितला असेल?"

"अशक्य. उमटत नाही."

"मग ऐका. हे कुलूप पासवर्डाशिवाय लागत नाही."

काकांनी पेन कागदावर टेकवलं, उचललं, परत टेकवलं. मग अगदी बारीक अक्षरांत लिहिलं, "मी?"

हळूहळू त्यांना आठवलं. तो जमिनीचा एजंट आला होता तेव्हा बोलता बोलता मान लांब करून पडद्यावरचं वाचत होता. तो गेल्यावर काकांनी इंटरनेटवर शोधून आज्ञा मिळवली आणि सगळा फोल्डर बड्या मालकाच्या नावावर करून टाकला. पासवर्ड माझा, म्हणजे बडा मालक मीच, मला कोण अडवणार, असा त्यांचा हिशेब. प्रोग्रॅम तेव्हा चालू होता. चालू असलेला प्रोग्रॅम आत बसलेल्या माणसासारखा असतो, बाहेरून कडी घातली तरी तो आत बोलत राहतो. त्यामुळे कुलूप लागल्यावरही मशीन बरेच दिवस बोलत होतं. चांगुणामावशीने पिन काढली, जुनी बॅटरी संपली, मशीन बंद पडलं. परत चालू झालं तेव्हा प्रोग्रॅमला दार बंद. पिन काढण्यात काडीचाही गुन्हा नव्हता. आज ना उद्या लाइट गेले असते तरी हेच झालं असतं, आणि लोणावळ्यात लाइट जायला कारण लागत नाही.

फोल्डर परत काकांच्या नावावर करायला एकच ओळ लागली. पासवर्ड त्यांनी टाकला, मी खिडकीकडे तोंड केलं. प्रोग्रॅम चालू झाला. काका बराच वेळ टाइप करत होते. मग मशीन त्याच्या त्या सपाट आवाजात म्हणालं, "चांगुणा, इकडे ये."

ती दाराशी आली.

"चूक माझी आहे. मी तुझ्यावर उगाच संशय घेतला. मला माफ कर. मी पासवर्ड तुला सांगून ठेवतो."

चांगुणामावशी मशीनकडे बघत राहिली. "नको सायेब. तुमच्या ह्या मशीनचा आवाज एकच. च्या मागताना बी ह्योच, माफी मागताना बी ह्योच. मला त्यातलं काय कळतंय? आन ती चावी तर आजाबात नको. चाव्या लय झाल्या माज्याकडं."

वृंदाचा चेहरा पडला होता. खरं सांगायचं तर तिची घाई बापाच्या काळजीची होती, मी उगाच तिला पाण्यात पाहिलं. "मावशी, मी आत्ताच्या आत्ता ग्रुपवर लिहिते," ती म्हणाली.

"ग्रुपवर मालक असत्यात ताई. माळी न्हाई, स्वैपाकाच्या बाया न्हाईत. आमी समदी फाटकावर असतो. फाटकावर येऊन बोला. त्या मशीनच्याच आवाजात बोलू द्या सायबांना. लोकं ऐकतील."

ऑपरेशनानंतर काका फाटकाबाहेर गेले नव्हते. गळ्याला भोक, लोक बघतात. आणि वर हे बोलकं यंत्र. वृंदा म्हणाली, "बाबा, मी एकटी जाते." काकांनी मान हलवली. मफलर गुंडाळला, एक मजकूर टाइप केला, आणि लॅपटॉप वृंदाच्या हातात देऊन चालायला लागले. मी आणि चांगुणामावशी मागून.

रविवार असल्यामुळे बंगले भरलेले होते. पहिल्या फाटकाशी काकांनी बेल वाजवली. माळी आला, मागून मालक आले. काकांनी बटण दाबलं.

"मी याच आळीतल्या बंगल्यातला. माझ्या मशीनला कुलूप मीच लावलं होतं. चांगुणाने काही केलेलं नाही. इतकी वर्षं माझ्या घराच्या किल्ल्या तिच्याकडे आहेत, आणि घरातला एक चमचाही हललेला नाही."

माळ्याने चांगुणामावशीकडे बघितलं आणि मान खाली घातली. पुढच्या फाटकाशी परत तेच. प्रत्येक ठिकाणी काका ताठ उभे राहायचे, शब्द संपेपर्यंत. मला भरून आलं, लपवत नाही. असा ताठ माणूस, आपली चूक दारोदार वाजवत होता.

शेवटच्या फाटकाशी मुंबईच्या एक बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मशीन चमच्यापर्यंत आलं तसे त्यांचे डोळे चमकले. लोणावळ्यात विश्वासाची बाई म्हणजे काय चीज आहे हे त्यांना ठाऊक होतं. मशीनचं बोलणं संपताच त्या म्हणाल्या, "चांगुणा, आमच्याकडे येतेस का गं? मागे दोन खोल्या आहेत, तुझ्या तुला."

चांगुणामावशीने काकांकडे पाहिलं. काकांनी पटकन लॅपटॉपकडे हात नेला. पडदा काळा पडला होता. बॅटरी संपली होती. त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलले, पण नुसता वारा आला, तोही गळ्याच्या भोकातून.

"येते की," चांगुणामावशी म्हणाली.

जुडगा तिने तिथेच कमरेचा सोडला आणि वृंदाच्या हातात ठेवला. कुठली किल्ली कुठली ते सांगायला मात्र ती बंगल्यावर आली आणि एकेक दार उघडून, लावून दाखवून गेली.

त्यानंतर मी एकदा काकांकडे गेले होते, मशीन साफ करायला. एजन्सीचा माणूस होता, नीटनेटका, वेळेवर गोळ्या देणारा. साठवलेल्या वाक्यांची यादी उघडली. सगळ्यांत वरचं बटण होतं, 'चांगुणा, चहा.' मी विचारलं, "काका, हे काढून टाकू?" काकांनी कागद ओढला आणि लिहिलं, "राहू दे." पासवर्ड विचारला तर मात्र पहिल्यासारखाच हात आडवा धरून टाकला.

परतताना मुंबईच्या बाईंच्या फाटकाशी चांगुणामावशी दिसली. नवा जुडगा, नवं लुगडं. मी म्हटलं, "बरी आहेस का?"

"लय बरी हाय."

"काकांकडे जातेस का कधी?"

"न्हाई. जायाचं काय कारन?" तिने जुडगा कमरेला नीट खोचला. "दुपारच्याला ते मशीन बोलतंय, तेवडं ऐकू येतं. खिडकी उगडून मोट्या आवाजात लावत्यात. चांगुणा, च्या. रोज."

"मग?"

"मंग काय. उठते आन च्या टाकते," ती म्हणाली. "हितल्या मानसांना."